स्वाक्षरीयुक्त क्रीडास्मृतिवस्तू व बनावट प्रमाणन

खेळाडूने स्वहस्ते स्वाक्षरी केलेले चेंडू, बॅटी, सदरे, हातमोजे, छायाचित्रे, सामनापत्रिका इ. वस्तूंना स्वाक्षरीयुक्त क्रीडास्मृतिवस्तू म्हणतात. अशा वस्तूवरील स्वाक्षरी त्याच खेळाडूची आहे, असा निर्वाळा देणे म्हणजे प्रमाणन होय. हा निर्वाळा प्रमाणपत्र, अभिप्रायपत्र, क्रमांकित चिठ्ठी किंवा होलोग्राम यांच्या रूपाने वस्तूबरोबर दिला जातो. स्वाक्षरी खोटी असणे व प्रमाणन खोटे असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. खोट्या स्वाक्षरीला अस्सल संस्थेचे प्रमाणपत्र चुकीने मिळू शकते. तसेच अस्सल स्वाक्षरीलाही बनावट प्रमाणपत्र जोडलेले आढळते. तथापि व्यवहारात बहुधा दोन्ही लबाड्या एकत्र येतात. कारण आजचा ग्राहक स्वाक्षरीपेक्षा प्रमाणपत्राकडेच अधिक पाहतो, हे बनावट माल तयार करणारे जाणून असतात.

मूल्याचा आधार : कोऱ्या चेंडूची किंमत अल्प असते. त्यावर एखाद्या श्रेष्ठ खेळाडूची स्वाक्षरी असल्यास ती शेकडो, क्वचित हजारो पटींनी वाढते. ही वाढ वस्तूच्या द्रव्यातून किंवा कारागिरीतून येत नाही. त्या खेळाडूचा हात त्या वस्तूला लागला होता, या एका गोष्टीतून ती येते. ही गोष्ट वस्तूकडे नुसते पाहून सिद्ध होत नाही. ती एकतर कोणी पाहिलेली असावी लागते किंवा अनुमानाने ठरवावी लागते. म्हणून या संग्रहक्षेत्रात साक्षीला असाधारण महत्त्व आले. सेंट लूइस कार्डिनल्स संघाचा बेसबॉलपटू मार्क मॅग्वायर याने १९९८ च्या हंगामात मारलेल्या सत्तराव्या होमरनचा चेंडू जानेवारी १९९९ मधील लिलावात सु. तीस लक्ष डॉलरांना विकला गेला. त्या हंगामाच्या अखेरच्या भागात मॅग्वायरच्या फलंदाजीच्या वेळी वापरावयाच्या चेंडूंवर अधिकाऱ्यांनी आधीच गुप्त खुणा करून ठेवल्या होत्या. सारख्या दिसणाऱ्या हजारो चेंडूंमधून तो एक चेंडू वेगळा ओळखता आला, म्हणूनच त्याला ती किंमत आली. स्वाक्षरीच्या बाबतीत अशी पूर्वयोजना क्वचितच झालेली असते.

ऐतिहासिक आढावा : खेळाडूच्या स्वाक्षरीला व्यापारी मूल्य आहे, हे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत विसाव्या शतकाच्या आरंभीच ओळखले गेले. केंटकी राज्यातील लूइव्हिल येथील हिलरिक यांच्या कारखान्याने १९०५ मध्ये होनस वॅग्नर या बेसबॉलपटूशी करार करून त्याची स्वाक्षरी बॅटींवर डागण्याची प्रथा सुरू केली. क्रिकेटमध्ये डॉन ब्रॅडमन यांच्या स्वाक्षरीची प्रतिकृती असलेल्या बॅटी साइक्स या इंग्लिश कंपनीने १९३० नंतरच्या दशकात मोठ्या संख्येने विकल्या. या स्वाक्षऱ्या छापील किंवा डागलेल्या प्रतिकृती असून त्यांत कोणतीही फसवणूक नव्हती. परंतु पुढे जुन्या सामानातून निघालेली अशी बॅट ‘ब्रॅडमन यांच्या स्वाक्षरीची बॅट’ म्हणून अजाणतेपणी वा जाणूनबुजून विकली जाऊ लागली. 

प्रसिद्ध खेळाडूंना येणाऱ्या पत्रांची व स्वाक्षरीच्या मागण्यांची संख्या वाढली, तसतसे त्यांच्या वतीने दुसऱ्यांनी सह्या करण्याचे प्रकारही सुरू झाले. अमेरिकन बेसबॉल संघांच्या पोषाखगृहांत काम करणारी मुले व सेवक संघातील खेळाडूंच्या सह्या चेंडूंवर करून देत; अशा सह्यांना संग्राहक ‘पोषाखगृहातील सह्या’ म्हणून ओळखतात. घरातील माणसे व चिटणीस यांनी केलेल्या सह्याही पुष्कळ आढळतात. त्यांमागे बहुधा ठकवण्याचा हेतू नसे. पण पन्नास वर्षांनंतर बाजारात आलेल्या अशा चेंडूबद्दल विक्रेता व ग्राहक या दोघांचाही प्रामाणिक गैरसमज होऊ शकतो.

१९८० नंतरच्या दशकात अमेरिकेत क्रीडास्मृतिवस्तूंचा संग्रह हा छंदाबरोबरच गुंतवणुकीचा विषय बनला. स्वाक्षरी मेळावे भरू लागले, खेळाडू स्वाक्षरीसाठी शुल्क आकारू लागले आणि त्याच वेगाने बनावट मालही वाढला. १९९० नंतरच्या दशकात संघराज्य अन्वेषण विभागाच्या (एफ्‌बीआय) शिकागो शाखेने मायकेल जॉर्डन प्रभृती खेळाडूंच्या खोट्या सह्यांचा छडा लावला. ही मोहीम ‘ऑपरेशन फाउल बॉल’ या नावाने ओळखली जाते. तीतून मिळालेल्या माहितीवरून कॅलिफोर्नियातील सॅन डिएगो येथे ‘ऑपरेशन बुलपेन’ ही अधिक व्यापक मोहीम हाती घेण्यात आली. गुप्त अधिकाऱ्यांनी ग्राहक व व्यापारी बनून शंभरांहून अधिक वेळा माल खरेदी केला. ऑक्टोबर १९९९ मध्ये मोठ्या प्रमाणावर झडत्या झाल्या. या मोहिमेच्या सर्व टप्प्यांत मिळून ६३ जणांवर आरोप ठेवले जाऊन ते सिद्ध झाले आणि बनावट सह्या करणाऱ्या १८ टोळ्या मोडण्यात आल्या. त्या काळी बाजारातील स्वाक्षरीयुक्त मालापैकी निम्म्याहून अधिक माल खोटा असावा व दरवर्षी सु. दहा कोटी डॉलरांचा बनावट माल विकला जात असावा, असे अंदाज करण्यात आले होते. जप्त मालात मदर तेरेसा यांची स्वाक्षरी असलेले बेसबॉलही होते. या चेंडूंची पुढे थट्टा झाली. तथापि प्रमाणपत्राच्या आधारावर काय काय विकता येते, याचे ते बोलके उदाहरण आहे. या तपासात उघड झालेली अधिक महत्त्वाची गोष्ट अशी, की खोटी सही करणारा, ती घाऊक विकणारा आणि तिला प्रमाणपत्र पुरविणारा अशी कामाची वाटणी झालेली होती.

प्रमाणन संस्था : या परिस्थितीवर दोन प्रकारचे उपाय पुढे आले. पहिला प्रत्यक्षदर्शी प्रमाणनाचा होय. अपर डेक या कंपनीने १९९२ मध्ये आपली प्रमाणन शाखा काढून ठराविक खेळाडूंशी करार केले. खेळाडू कंपनीच्या प्रतिनिधीसमोर स्वाक्षरी करतो, वस्तूवर क्रमांकित होलोग्राम लावला जातो आणि तोच क्रमांक कंपनीच्या नोंदीत व प्रमाणपत्रावर येतो. सॅन डिएगो पॅड्रेस संघाचा खेळाडू टोनी ग्विन याला आपल्याच संघाच्या दुकानात स्वतःच्या नावाच्या खोट्या सह्या आढळल्या होत्या. बुलपेन मोहिमेनंतर २००१ मध्ये अमेरिकेतील मेजर लीग बेसबॉल या संघटनेने आपली प्रमाणन योजना सुरू केली. तीत आजी-माजी पोलीस अधिकारी प्रमाणक म्हणून नेमले जातात, ते सामन्यांना उपस्थित असतात आणि स्वतः न पाहिलेल्या वस्तूला प्रमाणन देत नाहीत. 

दुसरा उपाय तज्ञाच्या अभिप्रायाचा होय. पीएसए/डीएनए (स्थापना १९९८), जेम्स स्पेन्स ऑथेंटिकेशन (२००५), बेकेट इ. खाजगी संस्था शुल्क घेऊन पूर्वी झालेल्या सह्या तपासतात व आपले मत देतात. येथे तज्ञाने सही होताना पाहिलेली नसते. ज्ञात अस्सल नमुन्यांशी तुलना करून तो अनुमान काढतो. वरील दोन प्रकारांची प्रमाणपत्रे दिसायला सारखीच असल्याने सामान्य ग्राहक त्यांत भेद करीत नाही. वस्तुतः पहिल्यात साक्ष असते व दुसऱ्यात मत असते. काही संस्था दोन्ही प्रकारची कामे करतात. म्हणून केवळ संस्थेचे नाव न पाहता त्या विशिष्ट प्रमाणपत्राचा प्रकार पाहणे आवश्यक ठरते.

बनावट प्रमाणनाचे प्रकार : (१) विक्रेत्याचे स्वतःचे प्रमाणपत्र : यात विक्रेताच आपल्या मालाचा साक्षीदार होतो. प्रामाणिक व नामवंत व्यापाऱ्याच्या अशा पत्राला त्याच्या लौकिकाइतके व परतीच्या हमीइतके मूल्य असते. अनोळखी विक्रेत्याच्या पत्राला काहीच मूल्य नसते. (२) काल्पनिक संस्था : भारदस्त नाव, मुद्रा व सोनेरी किनार असलेले प्रमाणपत्र दिले जाते, परंतु त्या संस्थेचे कार्यालय, तज्ञ किंवा नोंदवही अस्तित्वात नसते. नामांकित संस्थेच्या नावात एखाद्या अक्षराचा फरक करून घेतलेली नावेही याच वर्गात मोडतात. (३) अस्सल संस्थेच्या प्रमाणपत्राची नक्कल : संस्थेचे कागद, शिक्के व होलोग्राम यांची हुबेहूब नक्कल केली जाते. (४) क्रमांकाची उचल : खऱ्या प्रमाणित वस्तूचा क्रमांक पाहून तोच अनेक बनावट वस्तूंवर छापला जातो. ग्राहक संस्थेच्या नोंदीत क्रमांक शोधतो, तेव्हा तो सापडतो आणि त्याची खात्री पटते. (५) स्थलांतरित प्रमाणन : स्वस्त, पण अस्सल वस्तूवरील चिठ्ठी वा पत्र काढून ते महाग बनावट वस्तूला जोडतात. पत्रात ‘स्वाक्षरी केलेला एक चेंडू’ एवढाच मोघम उल्लेख असल्यास हे सहज साधते. (६) छायाचित्राचा पुरावा : खेळाडू स्वाक्षरी करीत असल्याचे छायाचित्र वस्तूबरोबर देतात. ते अस्सलही असू शकते. परंतु चित्रातील वस्तू तीच आहे, हे त्यावरून क्वचितच ठरते. (७) मिंध्या वा निष्काळजी तज्ञाचा अभिप्राय : पत्र व सही खरी असते, पण तपासणीच झालेली नसते.

होलोग्राम हे बनावटीविरुद्धचे खात्रीचे साधन आहे, असा समज रूढ आहे. होलोग्राफीचे तत्त्व डेनिस गाबर (१९००–७९) यांनी १९४७ मध्ये शोधून काढले व त्याबद्दल त्यांना १९७१ चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक मिळाले. ठसा उमटवून तयार केलेले होलोग्राम १९८३ पासून पतपत्रांवर (क्रेडिट कार्डांवर) वापरात आले. त्या काळी ते तयार करणे अवघड व खर्चाचे होते. आज ते छापून देणारे कारखाने अनेक देशांत आहेत. यामुळे होलोग्राम असणे हा अस्सलपणाचा पुरावा राहिलेला नाही. उलट तो ग्राहकाची शंका झोपविण्याचे साधन बनला आहे. जुलै २०२५ मध्ये अमेरिकेतील इंडियाना राज्यात स्मृतिवस्तूंच्या एका विक्रेत्याच्या प्रकरणाचा तपास सुरू झाला. त्याच्या नावाने प्रसिद्ध झालेल्या निवेदनात अनेक नामांकित संस्थांच्या होलोग्रामांची नक्कल करून लक्षावधी वस्तू विकल्याचा व सु. ३५ कोटी डॉलरांची विक्री झाल्याचा दावा होता. हे आकडे त्या निवेदनातीलच आहेत. तथापि बुलपेन मोहिमेनंतर पंचवीस वर्षांनी बनावटीचा रोख स्वाक्षरीकडून प्रमाणनाकडे वळल्याचे त्यावरून दिसून आले.

वस्तूची तपासणी : तपासणीचा योग्य क्रम वस्तू, स्वाक्षरी व शेवटी प्रमाणपत्र असा आहे. प्रमाणपत्र आधी वाचल्यास मन अनुकूल होते व वस्तूतील विसंगती नजरेआड होतात. वस्तूच्या बाबतीत पहिला प्रश्न काळाचा असतो. अमेरिकन बेसबॉल चेंडूंवर पूर्वी त्या त्या लीगच्या अध्यक्षाची स्वाक्षरी छापलेली असे. अमेरिकन लीगचे विल्यम हॅरिज हे १९३१ ते १९५९ आणि जो क्रोनिन हे १९५९ ते १९७३ या काळात अध्यक्ष होते. बेब रूथ (१८९५–१९४८) याची स्वाक्षरी क्रोनिन यांचे नाव छापलेल्या चेंडूवर असेल, तर कोणतेही प्रमाणपत्र तिला अस्सल ठरवू शकत नाही. तसेच रॉलिंग्ज कंपनी मेजर लीगच्या सामन्यांचे चेंडू १९७७ पासून पुरवू लागली. 

लेखनसाधनांवरूनही असाच निर्णय करता येतो. बॉलपेन अमेरिकेच्या बाजारात ऑक्टोबर १९४५ मध्ये आले. शार्पी या नावाचे प्रसिद्ध मार्कर पेन १९६४ मध्ये निघाले. म्हणून १९३३ मध्ये निवर्तलेल्या रणजितसिंहजींची बॉलपेनने केलेली स्वाक्षरी संभवत नाही. कागद अधिक शुभ्र दिसावा म्हणून त्यात मिसळली जाणारी रासायनिक द्रव्ये सु. १९५० नंतर सर्रास वापरात आली. असा कागद जंबुपार प्रकाशात धरल्यास अनुस्फुरणामुळे निळसर चमकतो. १९३० सालची म्हणून दाखविलेली सामनापत्रिका अशी चमकल्यास ती संशयास्पद ठरते. मात्र न चमकणे हा अस्सलपणाचा पुरावा नव्हे. जुन्या पुस्तकांची कोरी पाने फाडून त्यांवर सह्या करणे आणि नव्या चेंडूवर लाखेचे रोगण चढवून तो जुना भासविणे, या क्लृप्त्या बनावट करणाऱ्यांना परिचित आहेत. कालविसंगती वस्तू खोटी असल्याचे सिद्ध करते. कालसुसंगती केवळ शक्यता दाखविते.

स्वाक्षरीची तपासणी : हस्ताक्षर परीक्षणाची शास्त्रीय मांडणी अमेरिकन परीक्षक ॲल्बर्ट ऑझबर्न यांनी १९१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या वादग्रस्त दस्तऐवजांविषयीच्या आपल्या ग्रंथात केली. तिची काही तत्त्वे या क्षेत्रातही लागू पडतात. स्वाभाविक स्वाक्षरी वेगाने होते. तिच्या रेषा सहज सुरू होतात, निमुळत्या होत संपतात आणि लेखणीचा दाब जागोजागी बदलतो. पाहून काढलेली सही सावकाश होत असल्याने तिच्या रेषांत कंप, अकारण थांबे, बोथट टोके व दुरुस्त्या दिसतात. भिंगाखाली या खुणा अधिक स्पष्ट होतात. एकाच व्यक्तीच्या दोन सह्या कधीही तंतोतंत सारख्या नसतात. एकीवर दुसरी ठेवून त्या पूर्णपणे जुळल्या, तर त्यांतील निदान एक गिरवलेली, छापलेली किंवा ऑटोपेन या यंत्राने काढलेली असते. छापील सहीत भिंगाखाली बारीक ठिपके दिसतात आणि रबरी शिक्क्याच्या सहीत रेषेच्या कडांना शाई जमलेली दिसते. संघाच्या सह्या असलेल्या बॅटीवर सर्व सह्या एकाच शाईने, एकाच कलाने व एकाच दाबाने केलेल्या असल्यास त्या एकाच हाताच्या असण्याचा संभव असतो. 

स्वाक्षरी वयाप्रमाणे व परिस्थितीप्रमाणे बदलते. बेब रूथ आपल्या कारकीर्दीच्या पूर्वार्धात ‘बेब’ हे टोपणनाव बहुधा अवतरणचिन्हांत लिहीत असे. पुढे त्याने ती चिन्हे सोडली. असा एखादा तपशील एकट्याने निर्णायक नसला, तरी वस्तूच्या काळाशी तो जुळतो की नाही, हे पाहता येते. घाईत, उभ्याने व गर्दीत केलेली सही मेजावर बसून केलेल्या सहीहून वेगळी असते; म्हणून तुलना एका नमुन्याशी न करता त्याच काळातील अनेक नमुन्यांशी करावी लागते. कुशल बनावट करणारा वेगाने व सराईतपणे सही करतो. त्यामुळे हौशी संग्राहकाने स्वतःच्या नजरेवर फाजील विश्वास ठेवणे इष्ट नाही.

प्रमाणपत्राची तपासणी : चांगल्या प्रमाणपत्रात स्वाक्षरी कोणाची, कोणत्या वस्तूवर, वस्तूच्या कोणत्या भागावर व कोणत्या शाईने केली आहे, याचे वर्णन असते. वस्तूचे छायाचित्र जोडलेले असते. स्वाक्षरी प्रत्यक्ष पाहिली की केवळ मत दिले, याचा स्पष्ट उल्लेख असतो आणि पाहिली असल्यास दिनांक व स्थळ दिलेले असते. क्रमांक वस्तूवर व पत्रावर एकच असतो. तो क्रमांक संस्थेच्या नोंदीत शोधताना विक्रेत्याने दिलेल्या दुव्याचा किंवा दूरध्वनीचा उपयोग न करता संस्थेचा पत्ता स्वतंत्रपणे मिळवावा. क्रमांक सापडला एवढ्यावर न थांबता नोंदीतील वर्णन व छायाचित्र हातातील वस्तूशी ताडून पाहावे : सहीचा तिरकसपणा, चेंडूच्या शिवणीपासूनचे तिचे अंतर, लाकडातील रेषा, कापडावरील डाग या गोष्टींची नक्कल करणे क्रमांकाच्या नकलेइतके सोपे नसते. होलोग्रामच्या कडा उचकटलेल्या असणे, त्याखाली जुन्या डिंकाचा माग दिसणे, तो वस्तूपेक्षा नवा वाटणे ही स्थलांतराची चिन्हे होत. ‘अमुक संस्थेकडे पाठविल्यास खात्रीने मान्य होईल’ असे सांगणाऱ्या विक्रेत्याने ती वस्तू स्वतःच तिकडे का पाठविली नाही, हा प्रश्न विचारणे रास्त ठरते.

प्रमाणनाच्या मर्यादा : अभिप्राय देणाऱ्या संस्थाही चुकतात व त्यांचे अभिप्राय एकमेकींशी नेहमी जुळत नाहीत. त्यांना शुल्क दर वस्तूमागे मिळते आणि वस्तूंचा ओघ प्रचंड असतो. त्यामुळे एका स्वाक्षरीला मिळणारा वेळ मर्यादित राहतो. बहुतेक संस्था आपल्या अटींत हे केवळ मत आहे असे नमूद करून आर्थिक जबाबदारी नाकारतात किंवा तिला मर्यादा घालतात. या अटी ग्राहक क्वचितच वाचतो. प्रत्यक्षदर्शी प्रमाणनाची कक्षाही अरुंद आहे, कारण ते योजना सुरू झाल्यानंतरच्या सह्यांनाच लागू पडते. दिवंगत खेळाडूंच्या बाबतीत अनुमानावाचून गत्यंतर नसते आणि सर्वांत महाग सह्या बहुधा त्यांच्याच असतात. अशा ठिकाणी स्वामित्वपरंपरेला, म्हणजे वस्तू कोणाकडून कोणाकडे आली याच्या नोंदीला, विशेष महत्त्व प्राप्त होते. समकालीन पत्र, पावती, दिनांकित छायाचित्र, वृत्तपत्रातील उल्लेख यांची साखळी प्रमाणपत्राहून अधिक बळकट ठरू शकते. मात्र विक्रेत्याने तोंडी सांगितलेली हृद्य कथा म्हणजे स्वामित्वपरंपरा नव्हे.

कायदा : कॅलिफोर्निया राज्याने १९९२ मध्ये कायदा करून स्वाक्षरीयुक्त क्रीडावस्तू विकणाऱ्या व्यापाऱ्यावर लेखी प्रमाणपत्र देण्याचे बंधन घातले व खोट्या मालाबद्दल ग्राहकास प्रत्यक्ष नुकसानीच्या दसपट भरपाई मागण्याचा हक्क दिला. २०१६ च्या दुरुस्तीने हा कायदा क्रीडेतर स्वाक्षरीयुक्त वस्तूंनाही लागू झाला. परंतु पुस्तकविक्रेत्यांनी हरकत घेतल्यामुळे २०१७ मध्ये त्यात पुन्हा बदल करण्यात आले. या कायद्याचा एक अनपेक्षित परिणाम असा, की प्रमाणपत्र असणे हेच कायदेशीरपणाचे लक्षण मानले जाऊन त्यांचा सुळसुळाट झाला. 

भारतात या विषयासाठी वेगळा कायदा नाही. तथापि १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेतील ठकवणुकीचे कलम ३१८ व बनावटीकरणाचे कलम ३३६ अशा व्यवहारांना लागू पडू शकते. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ खाली अनुचित व्यापारी प्रथेबद्दल ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. तिची मुदत सामान्यतः वादकारण घडल्यापासून दोन वर्षांची असते. हस्ताक्षराबाबत तज्ञाचे मत भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ३९ अन्वये पुराव्यात ग्राह्य आहे. परंतु न्यायालये त्याकडे सावधगिरीने पाहतात व इतर पुराव्याची जोड अपेक्षितात.

भारतातील स्थिती : भारतात क्रीडास्मृतिवस्तूंचा संग्रह मुख्यत्वे क्रिकेटभोवती केंद्रित आहे. पुणे येथे २०१२ मध्ये सचिन तेंडुलकर यांच्या हस्ते उद्‌घाटन झालेल्या ‘ब्लेड्स ऑफ ग्लोरी’ या क्रिकेट संग्रहालयात अनेक देशांच्या खेळाडूंनी वापरलेल्या व स्वाक्षरी केलेल्या बॅटी पाहावयास मिळतात. मराठी घरांतून वडिलांनी वा आजोबांनी मैदानाच्या कुंपणाशी उभे राहून मिळविलेल्या सह्यांच्या वह्या अजूनही जपलेल्या आढळतात. अशा वह्यांना प्रमाणपत्र नसते. परंतु त्यांतील सह्या क्रमाने, वेगवेगळ्या शाईने व सामन्यांच्या दिनांकांसह आलेल्या असल्यास वहीच आपली साक्षीदार ठरते. म्हणून वहीतील पान फाडून सही सुटी विकल्यास तिचा पुरावाच नाहीसा होतो. धर्मादाय लिलावांत विकल्या जाणाऱ्या बॅटींच्या बाबतीत हेतू चांगला असला, तरी वस्तू आयोजकांकडे कशी आली हे विचारण्याचे ग्राहक संकोचाने टाळतो. तसे टाळू नये.

संग्राहकाने घ्यावयाची दक्षता : स्वाक्षरी शक्य तेव्हा स्वतःच्या डोळ्यांसमोर घ्यावी आणि त्याच दिवशी स्थळ, दिनांक व प्रसंग यांची नोंद करून वस्तूचे छायाचित्र काढावे. विकत घेताना विक्रेत्याचे पूर्ण नाव, पत्ता व वस्तूचे वर्णन असलेली पावती आणि अस्सल न ठरल्यास मूल्य परत करण्याची लेखी, मुदतीसह हमी घ्यावी. अलीकडच्या लिलावांतील किंमती पाहाव्यात. प्रचलित किंमतीच्या निम्म्याने किंवा त्याहून कमी दराने मिळणारी दुर्मिळ सही ही बहुधा संधी नसून इशारा असतो. एकाच विक्रेत्याकडे दुर्मिळ सह्यांचा अखंड पुरवठा असणे हेही संशयाचे कारण होय. घाई करविणाऱ्या विक्रेत्याकडून खरेदी करू नये. मौल्यवान वस्तूसाठी विक्रेत्याने न सुचविलेल्या स्वतंत्र तज्ञाचा अभिप्राय घ्यावा. फसवणूक लक्षात आल्यावर ती वस्तू गुपचूप दुसऱ्यास विकून नुकसान भरून काढण्याचा मोह अनेकांना होतो. तसे करणारा स्वतःच फसवणुकीचा गुन्हेगार ठरू शकतो. वस्तू, पत्र व वेष्टन जसेच्या तसे जपून तक्रार करणे, हा योग्य मार्ग होय.

परिणाम : बनावट प्रमाणनाचे नुकसान केवळ एका ग्राहकाच्या पैशापुरते मर्यादित राहत नाही. प्रमाणित म्हणून स्वीकारलेल्या खोट्या सह्या ग्रंथांत, सूचींत व संस्थांच्या नमुनासंग्रहांत शिरतात आणि पुढील तुलनेसाठी त्याच आधारभूत मानल्या जातात. अशा रीतीने एक खोटी सही दहा खोट्या सह्यांना मान्यता मिळवून देते व प्रसंगी तिच्याशी न जुळणारी अस्सल सही नाकारली जाते. ज्याने लहानपणी तासन्‌तास उभे राहून खरोखरच एखाद्या थोर खेळाडूची सही मिळविली, त्याच्या वहीवर प्रमाणपत्र नाही म्हणून अविश्वास दाखविला जातो, हा या व्यवहाराचा सर्वांत खेदजनक परिणाम म्हणावा लागेल. प्रमाणपत्र हा साक्षीचा लेख आहे. साक्षीदार कोण, त्याने काय पाहिले आणि त्याची साक्ष याच वस्तूविषयी आहे काय, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावाचून त्याला कागदापलीकडे मूल्य नसते.